हिशेबाबाहेर राहिलेले शहर : कृषी-परिस्थितिकीच्या शास्त्रीय दाव्याची समीक्षा
(हुबळी-धारवाड व तारिहाळ परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

शेतीकडे एक परिसंस्था म्हणून पाहणारे शास्त्र म्हणजे कृषी-परिस्थितिकी होय. पीक, माती, पाणी, जनावरे, कीटक, सूक्ष्मजीव आणि या सर्वांना हाताळणारा शेतकरी यांच्यातील परस्परसंबंध हा या शास्त्राच्या अभ्यासाचा विषय आहे. गेल्या चार दशकांत या विषयावर विपुल लेखन झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ साली कृषी-परिस्थितिकीची दहा तत्त्वे मांडली, तर जागतिक अन्नसुरक्षा समितीच्या उच्चस्तरीय तज्ज्ञगटाने २०१९ च्या अहवालात तेरा तत्त्वे सांगितली. भारतात केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये २४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मंजुरी दिली. त्यामुळे हा विषय आता महाविद्यालयीन वर्गातही पोहोचला आहे.

मात्र, विषय वर्गात आला म्हणजे त्यातील विधाने तपासून घेण्याची जबाबदारीही अध्यापकावर येते. कृषी-परिस्थितिकी हे 'शास्त्र' आहे असा दावा केला जातो. हा दावा कोणत्या कसोटीवर टिकतो आणि कोठे अपुरा पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कसोटीसाठी हुबळी-धारवाड हा परिसर निवडला आहे. त्याचे कारण असे की, या जुळ्या शहरांच्या भोवतालच्या शेतीवर नव्वदच्या दशकापासून गंभीर संशोधन झालेले आहे. आणि तारिहाळसारखी गावे अशी आहेत की जेथे शेत, वस्ती, कारखाना आणि सांडपाणी ही एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. या शास्त्राच्या पाठ्यग्रंथांतील 'गाव' आणि तारिहाळ यांच्यात जे अंतर आहे, तेच या समीक्षेचे मूळ आहे.

संकल्पनेची वाटचाल

कृषी-परिस्थितिकी हा शब्द रशियन कृषिशास्त्रज्ञ बेन्सिन याने १९२८ ते १९३० च्या दरम्यान वापरात आणला. त्या वेळी त्याचा अर्थ मर्यादित होता. एखादे पीक कोणत्या हवामानात व मातीत चांगले येते, याचा परिस्थितिकीच्या पद्धतीने अभ्यास एवढाच तो होता. १९६५ साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञ टिश्लर याने या नावाचा ग्रंथ लिहिला, त्यातही भर शेतातील जीवसृष्टीवरच होता. हरितक्रांतीनंतर चित्र बदलले. कीटकनाशकांना न जुमानणारे कीटक, जमिनीची होणारी झीज आणि बाहेरून आणलेल्या निविष्ठांवरचे अवलंबन या प्रश्नांमुळे संशोधकांचे लक्ष पारंपरिक शेतीतील मिश्रपिके, वृक्ष आणि पशुधन यांच्याकडे वळले. मिगेल अल्टिएरी आणि स्टीफन ग्लीसमन यांनी लॅटिन अमेरिकेतील शेतकऱ्यांचा अभ्यास करून ऐंशीच्या दशकात या शास्त्राला आजचे स्वरूप दिले.

२००३ साली चार्ल्स फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. कृषी-परिस्थितिकी म्हणजे संपूर्ण अन्नव्यवस्थेची परिस्थितिकी, अशी व्याख्या त्यांनी केली. म्हणजे शेताचा बांध ओलांडून बाजार, स्वयंपाकघर आणि ग्राहक येथपर्यंत अभ्यासाची कक्षा नेली. पुढे २००९ साली वेझेल व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो : शास्त्र, चळवळ आणि शेतीची पद्धत. या तीन अर्थांची सरमिसळ झाली की चर्चा निष्फळ होते. चळवळीचे यश हे शास्त्राचे प्रमाण मानले जाते, किंवा शास्त्रातील शंका हा चळवळीवरचा हल्ला समजला जातो. अध्यापकाने हे तीन अर्थ प्रथम वेगळे करणे आवश्यक आहे.

येथे एक विसंगतीही लक्षात घ्यावी लागते. व्याख्या संपूर्ण अन्नव्यवस्थेपर्यंत पोहोचली, पण पाठ्यग्रंथांतील उदाहरणे बहुतांशी डोंगरउतारावरच्या किंवा जंगलाकाठच्या गावांचीच राहिली. मेक्सिकोतील चिनाम्पा हे या ग्रंथांतील आवडते उदाहरण. उथळ तळ्यात गाळ व वनस्पती रचून तयार केलेले हे वाफे होत. गाळ, पाणवनस्पती आणि मिश्रपिके यांचे त्यात तपशीलवार वर्णन येते. पण चिनाम्पा ही मुळात टेनोच्टिट्लान या मोठ्या शहराला अन्न पुरवणारी, शहराला लागून असलेली शेती होती. आणि आज झोचिमिल्कोच्या कालव्यांत मेक्सिको शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जाते, या गोष्टीकडे त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. उदाहरण शहराचे असूनही धडा मात्र गावाचाच शिकवला जातो.

ताळेबंद ही शास्त्राची कसोटी

कोणत्याही परिसंस्थेच्या अभ्यासाचा पाया म्हणजे आवक-जावकेचा हिशेब. ऊर्जा कोठून आली व कोठे गेली, पाणी किती आले व किती गेले, नत्र, स्फुरद व पालाश कोणत्या मार्गाने शेतात आले आणि कोणत्या मार्गाने बाहेर पडले, हे सांगता आले पाहिजे. कृषी-परिस्थितिकीच्या शास्त्रीय दाव्याचे बळ याच हिशेबात आहे. हा हिशेब सोडला तर उरते ते केवळ चांगल्या हेतूंचे वर्णन.

या कसोटीवर सुभाष पाळेकर यांच्या झिरो बजेट नैसर्गिक शेतीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. अमरावती जिल्ह्यातील पाळेकरांची ही पद्धत महाराष्ट्राइतकीच कर्नाटकात पसरली, आणि त्यात कर्नाटक राज्य रयत संघाचा मोठा वाटा होता. आश्लेषा खडसे व सहकाऱ्यांनी या प्रसाराचा अभ्यास करून २०१८ साली तो प्रसिद्ध केला. कर्ज काढून निविष्ठा घेण्याच्या चक्रातून शेतकऱ्याला बाहेर काढणे आणि शेतकऱ्याने शेतकऱ्याला शिकवणे, ही या चळवळीची बलस्थाने त्यातून स्पष्ट होतात. चळवळ म्हणून तिचे महत्त्व नाकारता येत नाही.

शास्त्र म्हणून मात्र हिशेब मागावाच लागतो. एका एकरासाठी सांगितलेल्या जीवामृतात साधारणपणे दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि दोनशे लिटर पाणी असते. या सर्वांतील नत्र एकत्र धरले तरी ते पाव किलोच्या आसपास भरते. दहा क्विंटल ज्वारीच्या दाण्यातून सुमारे पंधरा-सोळा किलो नत्र आणि तीन किलोच्या आसपास स्फुरद शेताबाहेर जाते. जीवामृत हे खत नसून विरजण आहे, असे पाळेकरांचे उत्तर आहे. नत्राच्या बाबतीत हे उत्तर काही अंशी विचारात घेता येते, कारण हवेत नत्र आहे आणि आंतरपीक म्हणून घेतलेली कडधान्ये ते जमिनीत आणू शकतात. स्फुरदाची गोष्ट वेगळी आहे. ते हवेत नाही. सूक्ष्मजीव मातीत अडकलेले स्फुरद मोकळे करू शकतात, पण नवे निर्माण करू शकत नाहीत. धान्याबरोबर गेलेले स्फुरद परत आले नाही तर मातीतील साठा कमी होत जातो. तो किती वर्षे पुरेल एवढाच प्रश्न उरतो. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने २०१९ साली या पद्धतीविषयी शंका व्यक्त केल्या, तेव्हा त्या चर्चेत राजकारणाचा रंग अधिक आला. स्फुरदाचा साधा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंनी पुरेसा पुढे नेला नाही.

तो पुढे नेला असता तर चर्चा आपोआप शहराकडे वळली असती. कारण धान्य, भाजी आणि दूध यांच्याबरोबर गेलेले स्फुरद शहरात पोहोचते आणि तेथून गटारात जाते. स्वीडनमधील संशोधकांनी अन्न व कृषी संघटनेच्या आहारविषयक आकडेवारीवरून केलेल्या अंदाजानुसार, भारतात एका व्यक्तीच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे २.७ किलो नत्र व ०.४ किलो स्फुरद बाहेर पडते. २०११ च्या जनगणनेत हुबळी-धारवाड महापालिकेची लोकसंख्या ९,४३,७८८ होती. तेवढ्यावरूनच हिशेब केला तर वर्षाला सुमारे अडीच हजार टन नत्र आणि पावणेचारशे टन स्फुरद होते. युरियाच्या भाषेत हे नत्र पंचेचाळीस किलोच्या सव्वा लाख पोत्यांच्या आसपास, आणि डीएपीच्या भाषेत हे स्फुरद पन्नास किलोच्या सुमारे सदतीस हजार पोत्यांइतके भरते. यातील बराच भाग हवेत उडून जातो किंवा वाटेत झिरपतो, हे खरे. तरीही स्फुरदयुक्त खतांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात आयात करणाऱ्या देशात हा आकडा दुर्लक्षित करण्याजोगा नाही.

इंदूर, बंगळूर, हुबळी : खताची जुनी वाट

शहरातील पोषणद्रव्ये शेतात परत न्यावीत, हा विचार भारतात नवा नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संस्थेत कंपोस्टची 'इंदूर पद्धत' विकसित केली. त्यावरचा मूळ ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, तो हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांच्या नावे. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासात हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र येते; सहलेखक वाड यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. पुढे १९३९ च्या सुमारास डॉ. सी. एन. आचार्य यांनी बंगळूर येथे शहरी कचरा आणि मैला एकत्र कुजवण्याची पद्धत तयार केली. तीच 'बंगळूर पद्धत' म्हणून पाठ्यपुस्तकांत येते. म्हणजे शहर आणि शेत यांना जोडणारी एक प्रमुख तांत्रिक पद्धत कर्नाटकातच जन्मली.

हुबळी-धारवाडमध्ये या विचाराला बाजाराचे रूप आले होते. फियोना नूनन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या बाजाराचे चित्र दिसते. महापालिकेच्या कचरा डेपोवरील खड्ड्यांत कुजलेला कचरा लिलावाने विकला जाई आणि आसपासच्या गावांतील शेतकरी तो विकत घेऊन शेतात टाकत. एका शहराचा कचरा हा दुसऱ्याच्या दृष्टीने किंमत देऊन घेण्याजोगा माल होता. किंग यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात १९०८ साली शांघायमधील मैला उचलण्याचा हक्क एका कंत्राटदाराने एकतीस हजार डॉलर देऊन घेतल्याची नोंद केली आहे. हुबळीचा लिलाव ही त्याच जातीची व्यवस्था होती.

ही व्यवस्था का खचली, याची कारणे उद्बोधक आहेत. कचऱ्यात प्लास्टिक, काच आणि दवाखान्यांतील टाकाऊ वस्तू वाढल्या. ते वेचून काढण्याची मजुरी परवडेनाशी झाली. रासायनिक खत सहज मिळू लागले. शेतकऱ्याला सेंद्रिय खताचे महत्त्व कळत नव्हते म्हणून लिलाव थांबला, असे म्हणता येत नाही. त्याला ते कळत होते, म्हणूनच तो पैसे देत होता. घराघरात कचरा वेगळा न होणे, हे या साखळीतील तुटलेले पहिले टोक होय. कृषी-परिस्थितिकीच्या तत्त्वांच्या याद्यांत 'पुनर्चक्रीकरण' हा शब्द अग्रभागी असतो. पण ते चक्र कोठे व कोणाच्या दारात तुटते, हे सांगण्यासाठी नूनन यांच्यासारखा अभ्यास लागतो.

या परंपरेचे गुणगान करताना एका गोष्टीचा विसर पडू नये. मैला शेतापर्यंत नेण्याचे काम भारतात जातीने लादलेले होते. कर्नाटकात सत्तरच्या दशकात मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध पाऊल उचलले. त्यानंतर देशपातळीवर १९९३ व २०१३ चे कायदे झाले. तरीही हावेरी जिल्ह्यातील सवणूर येथे २०१० साली सफाई करणाऱ्या कुटुंबांना वस्तीतून हटवण्याच्या प्रश्नावर अंगाला मैला फासून निषेध करावा लागला. तेव्हा 'जुनी पद्धत चांगली होती' हे विधान अपुरे आहे. पोषणद्रव्यांच्या हिशेबात हे चक्र कोणाच्या हातांनी फिरते, हाही एक रकाना असला पाहिजे. उच्चस्तरीय तज्ज्ञगटाच्या तेरा तत्त्वांत 'न्याय्यता' हे तत्त्व पुनर्चक्रीकरणापासून वेगळे दिले आहे. प्रत्यक्षात ती दोन्ही एकाच कामाची अंगे आहेत.

नाल्याकाठची शेती

घन कचऱ्याची वाट बंद होत असताना द्रवरूप कचऱ्याची वाट मात्र रुंदावत गेली. मलप्रभा धरणावरून जुळ्या शहरांना पाणी येते; वापरलेले पाणी नाल्यांतून शहराबाहेर जाते. ब्रॅडफर्ड, ब्रूक आणि हुनशाळ यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या नाल्याकाठच्या शेतीचा आहे. यातील हुनशाळ हे धारवाड कृषी विज्ञान विद्यापीठाशी संबंधित कृषिशास्त्रज्ञ. या अभ्यासात तीन प्रकारची शेती आढळते : वर्षभर भाजीपाला, हंगामी पिकांबरोबर भाजीपाला, आणि फळझाडे व इतर वृक्षांची वनशेती. बिडनाळ, गब्बूर यांसारख्या हुबळीलगतच्या गावांत भाजीपाल्याकडे कल, तर धारवाडच्या बाजूस वृक्षांकडे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या पाण्याचे फायदे स्पष्ट आहेत. ते बारमाही आहे, त्यासाठी खोल कूपनलिका खणावी लागत नाही, त्यात खत आहे, आणि उन्हाळ्यात भाजीला चांगला भाव मिळतो. तोटेही तितकेच स्पष्ट आहेत. तण माजते, किडी वाढतात, त्यांच्यावर कीटकनाशके मारावी लागतात आणि पाण्याबरोबर आलेल्या सुया व काचा शेतात काम करणाऱ्यांच्या हातापायांत शिरतात. निंदणी-खुरपणी हे काम बहुतांशी मजूर स्त्रियांचे. म्हणजे पाण्याचा नफा जमीनमालकाकडे आणि त्याची इजा मजुराकडे, अशी विभागणी होण्याचा धोका येथे आहे.

हा अभ्यास 'कृषी-परिस्थितिकी' हे नाव लावून घेत नाही. तरीही माती, पाणी, पीक, मजूर आणि बाजार यांना एकत्र पाहण्याच्या बाबतीत तो त्या नावाच्या अनेक ग्रंथांपेक्षा सरस आहे. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याचे स्वरूप मुख्यतः वर्णनात्मक असून भर उत्पादकावर आहे. सांडपाण्यावरच्या शेतात किडी अधिक का येतात, याचे मुळापासून स्पष्टीकरण देणे हा त्याचा हेतू नव्हता.

ते स्पष्टीकरण दुसरीकडे उपलब्ध होते. त्याच २००३ साली अल्टिएरी आणि क्लारा निकोल्स यांनी मातीची सुपीकता आणि कीड यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला. पिकाला विरघळलेले नत्र गरजेपेक्षा जास्त मिळाले की पाने कोवळी व रसाळ होतात, त्यांच्यातील नत्रयुक्त द्रव्ये वाढतात आणि मावा, तुडतुडे यांसारख्या रसशोषक किडींना ती अनुकूल ठरतात, असे त्यातील मुख्य प्रतिपादन आहे. हे सूत्र नाल्याकाठच्या शेताला लावून पाहावे. तेथे शेतकरी पाणी देतो तेव्हा नत्र आपोआप जाते. पिकाला तहान आहे पण भूक नाही, अशा वेळीही त्याला खाऊ घालावे लागते, कारण पाणी आणि खत वेगळे करता येत नाही. जोमदार पाने, त्यामागून कीड, त्यामागून औषध, आणि औषधाने मित्रकीटक मेले की पुन्हा कीड, ही साखळी अशी उलगडते.

एकाच वर्षी प्रसिद्ध झालेले हे दोन निबंध एकमेकांना पूरक होते. एकाकडे निरीक्षण होते, दुसऱ्याकडे कारणमीमांसा होती. ते एकत्र वाचले तर उपायही सुचतात. सांडपाण्यात विहिरीचे पाणी मिसळणे किंवा दोन्ही आलटून पालटून देणे. नत्र भरपूर शोषणारे नेपिअरसारखे चाऱ्याचे गवत नाल्याच्या तोंडाशी लावणे आणि भाजी त्यापुढे घेणे. बांधावर मित्रकीटकांना आसरा देणारी फुलझाडे ठेवणे. हे उपाय कृषी-परिस्थितिकीच्या तत्त्वांतून निघतात, पण त्यासाठी ते तत्त्व नाल्यापर्यंत न्यावे लागते.

जोखमीचा हिशेब

पोषणद्रव्यांइतकाच जोखमीचा हिशेब महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी सिंचनाच्या पाण्याची मर्यादा ठरवून दिली होती : शंभर मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य जीवाणू एक हजारांहून अधिक नसावेत आणि एका लिटरमध्ये जंताचे अंडे एकाहून अधिक नसावे. शुद्धीकरणाचे साधन नसलेल्या शहरांना ही मर्यादा पाळता येत नव्हती. २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत दृष्टिकोन बदलला. शेतापासून ताटापर्यंत अनेक ठिकाणी अडथळे उभारून एकूण जोखीम कमी करावी, असे त्यांत सुचवले आहे. कापणीच्या काही दिवस आधी सांडपाणी बंद केले तर उन्हाने व कोरडेपणाने जंतू मरतात. ठिबकने पाणी दिल्यास ते पानांना लागत नाही. स्वच्छ पाण्याने धुतल्यास जंतू सुमारे एक दशांशावर येतात, आणि शिजवल्यास जवळजवळ सर्व नष्ट होतात.

या दृष्टीने धारवाडच्या बाजूची वनशेती पाहण्यासारखी आहे. चिकू, नारळ यांसारखी फळे जमिनीपासून उंच येतात आणि साल किंवा कवटी काढून खाल्ली जातात. त्याउलट कोथिंबीर, मुळा, पालक ही पिके पाण्याच्या थेट संपर्कात असतात. आणि कोथिंबीर तर कच्चीच वापरली जाते. पीकनिवड हाच येथे आरोग्याचा उपाय ठरतो. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात याच शास्त्राचे मोठे रूप आढळते. सुमारे साडेबारा हजार हेक्टरांच्या त्या प्रदेशात शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत सूर्यप्रकाश व शेवाळाच्या साहाय्याने निवळते आणि त्यावर मासे व भाजी पिकते. ध्रुवज्योती घोष यांच्या प्रयत्नांनंतर २००२ साली त्याला रामसर दर्जा मिळाला.

जंतूंपेक्षा जड धातूंचा प्रश्न कठीण आहे. ते उन्हाने मरत नाहीत आणि शिजवल्याने जात नाहीत. येथे मातीचा स्वभाव निर्णायक ठरतो. हुबळी-धारवाड हा संक्रमण पट्टा असून पूर्वेकडे काळी चिकणमाती आणि पश्चिमेकडे लालसर माती आढळते. चुनखडीयुक्त काळ्या मातीत धातू अधिक घट्ट बांधले जातात. आम्लधर्मी लाल मातीत ते पिकाला सहज उपलब्ध होतात. म्हणजे एकाच पाण्याची जोखीम दोन मैलांवर बदलू शकते. याखेरीज घरगुती सांडपाणी आणि कारखान्याचे सांडपाणी हे रासायनिकदृष्ट्या सर्वस्वी वेगळे असते. पहिल्यात मुख्यतः खत व जंतू, तर दुसऱ्यात धातू, आम्ले व तेले असू शकतात. ही दोन पाणी एकत्र झाली की पहिल्याचा उपयोग दुसऱ्यामुळे नष्ट होतो. उगमाशीच ती वेगळी ठेवणे, हा म्हणूनच शेतीच्या धोरणाचाही भाग आहे.

तारिहाळ : अध्यापनाच्या दृष्टीने

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीस्तरावर पर्यावरण अभ्यास सक्तीचा केला. आयोगाने त्या दशकात आखलेल्या अभ्यासक्रमात अन्नसाधने हा भाग दुसऱ्या घटकात आणि प्रदूषण व घन कचरा हा भाग पाचव्या घटकात होता. आयोगासाठी डॉ. एराक भरूचा यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तकही याच क्रमाने जाते. पुढे अभ्यासक्रम बदलले, तरी ही विभागणी अध्यापनाच्या सवयीत टिकून राहिली. परिणाम असा की सांडपाणी हा 'प्रदूषणाचा' प्रश्न आणि खत हा 'शेतीचा' प्रश्न, असे विद्यार्थी शिकतो. वास्तविक एकच अणू आज खत असतो आणि उद्या प्रदूषक ठरतो. तो कोठे व किती आहे, यावर त्याचे नाव अवलंबून असते.

त्याच अभ्यासक्रमाच्या आठव्या घटकात क्षेत्रभेट होती. शहरी, ग्रामीण, औद्योगिक किंवा शेतीविषयक अशा स्थानिक प्रदूषित ठिकाणास भेट द्यावी, असे त्यात म्हटले होते. तारिहाळसारख्या गावात हे चारही शब्द एकत्र येतात. हुबळीलगतच्या या गावाचे नाव आज औद्योगिक वसाहतीमुळे अधिक परिचित आहे. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना ताळेबंद मांडण्याचे काम देता येईल. एका शेतात वर्षभरात कोणते खत, कोणता चारा, कोणते पाणी आले? धान्य, भाजी, दूध यांच्या रूपाने काय गेले व कोणत्या बाजारात गेले? कुटुंबातील कोण शेतात व कोण कारखान्यात काम करते? जनावरे किती होती व किती उरली? जमीन स्वतःची आहे की खंडाची? घरचा ओला कचरा उकिरड्यावर जातो की गाडीत? या प्रश्नांना महागडी उपकरणे लागत नाहीत. शेजारच्या धारवाड कृषी विद्यापीठात मातीपरीक्षणाची सोय आहे, तिचा उपयोग करून घेता येईल.

अशा ताळेबंदातून पाठ्यग्रंथांची काही गृहीतकेही तपासली जातील. शेणखत, आच्छादन आणि मिश्रपिके यांना मनुष्यबळ लागते. कारखान्यात रोज मिळणारी मजुरी आणि शेतातील अनिश्चित उत्पन्न यांची तुलना घराघरात होत असते. जमिनीला भूखंड म्हणून येणारा भाव पाहता, पाच वर्षांनी फळ देणारी माती सुधारण्याचा धीर खंडकरी शेतकऱ्याने कशाच्या आधारावर धरावा, हाही प्रश्न आहे. 'भूमीचे व्यवस्थापन' हे तत्त्व तज्ज्ञगटाच्या यादीत आहे. पण वेशीवरच्या गावात ते पहिल्या क्रमांकावर यावे लागेल. जमीन शेतीखाली राहिली तरच बाकीच्या बारा तत्त्वांना जागा उरते.

मराठी वाचकांच्या दृष्टीने श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'चे स्मरण येथे उचित ठरेल. कोल्हापूरच्या या गणिताच्या अध्यापकाने शेतकऱ्याला मोजमाप करण्याची सवय लावली. आपल्या शेतातील सूर्यप्रकाश, पाने, पाणी यांची नोंद ठेवणारा आणि ती इतरांना सांगणारा शेतकरी हा त्यांच्या मते प्रयोगकर्ताच होता. तत्त्वांच्या यादीत ज्याला 'ज्ञानाची सहनिर्मिती' म्हटले जाते, ते दाभोळकरांनी वही-पेन्सिलीने साधले. महाविद्यालयीन अध्यापकाला हा मार्ग परका नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. कृषी-परिस्थितिकीचा शास्त्र म्हणून असलेला दावा आवक-जावकेच्या पूर्ण हिशेबावर उभा आहे. प्रमुख ग्रंथांनी व्याख्येत संपूर्ण अन्नव्यवस्था घेतली, परंतु उदाहरणांत शहर बाहेर ठेवले. चळवळीने शेतकऱ्याला आत्मविश्वास दिला, परंतु स्फुरदाच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर दिले नाही. हुबळी-धारवाडवरील संशोधनाने शहर आणि शेत यांचा संबंध प्रत्यक्ष दाखवला, परंतु त्याची सांगड कृषी-परिस्थितिकीच्या कारणमीमांसेशी घातली गेली नाही. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली आणि नोव्हेंबरमध्ये ती मागे घ्यावी लागली. पर्यायी पोषणद्रव्ये कोठून येणार, याचा हिशेब आधी झाला नव्हता.

सांडपाण्याचे शुद्धीकरण, कचऱ्याचे वर्गीकरण, कारखान्याच्या पाण्याचे वेगळेपण, सफाई कामगारांची प्रतिष्ठा आणि वेशीवरच्या जमिनीचे संरक्षण हे विषय आजवर नगरपालिकेचे मानले गेले. ते शेतीचेही विषय आहेत. हुबळीच्या बाजारात येणारी भाजी कोणत्या पाण्यावर वाढली आणि ती पिकवणाऱ्या जमिनीला शहराने काय परत दिले, हे प्रश्न वर्गात विचारले गेले, तर या शास्त्राच्या अध्यापनाला खरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.